बयोचं पान: टूसॉनमधल्या एका टॅरंट्युलाच्या आहाराच्या नोंदी

17 फेब्रुवारी 2024

बयो आज घरी आली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची बदली झाली, नव्या जागेत प्राणी चालणार नव्हते, म्हणून त्यानं तिला आमच्याकडे सोपवलं. बयो म्हणजे टॅरंट्युला, मोठी केसाळ कोळीण. जात ॲरिझोना ब्लाँड, शास्त्रीय नाव ॲफोनोपेल्मा चाल्कोडीस. म्हणजे आम्ही उपरे, ती इथलीच, अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या सोनोरन वाळवंटातली. पाठीचं पुढचं कवच वाळल्या गवताच्या रंगाचं, मांड्या काळपट, पोट तपकिरी आणि केसाळ. पाय पसरून बसली की चहाच्या बशीत जेमतेम मावेल. त्याच्याकडे ती सहा वर्षं होती आणि आली तेव्हाच पूर्ण वाढलेली होती. या जातीच्या माद्या वीस-पंचवीस वर्षं सहज जगतात, तेव्हा अजून बराच काळ तिचं पान आपल्याला वाढायचं आहे असं समजूनच घरात घेतलं.

त्यानं बरोबर एक कागद दिला: दर तीन दिवसांनी दोन सुपरवर्म (भुंग्याच्या जाड अळ्या), महिन्यातून एकदा उंदराचं पिल्लू. तिचं पोट पाहिल्यावर त्या कागदाचा अर्थ कळला. पिकून फुटायला आलेल्या अंजिरासारखं ताणलेलं. पोट पुढच्या कवचाएवढं किंवा फार तर दीडपट असावं; हिचं दुपटीच्या वर आहे. टॅरंट्युलाला हाडं नसतात, पोटाची कातडी पातळ असते. असं टम्म पोट घेऊन काचेवर चढली आणि वीतभर उंचीवरून जरी पडली तरी कातडी फाटून जीव जाऊ शकतो.

पहिलं काम आहाराचं नाहीच, पेटीचं. नारळाच्या काथ्याचा भुसा आणि माती मिसळून इतकी भर घातली की वरच्या झाकणापर्यंत अंतर तिच्या पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटच उरलं. बिळासाठी बुचाच्या सालीचा तुकडा अर्धा पुरला. पाण्याची वाटी ठेवली.

ही वही पेटीशेजारी दोरीनं बांधून ठेवली आहे. लेक नऊ वर्षांचा आहे. त्याला सांगितलं, काहीही दिलं, नाकारलं, उरलं तर तारीख घालून लिहायचं.

24 फेब्रुवारी

आठवडाभर काही दिलं नाही. नव्या जागी आलेल्या कोळ्याला आधी जागा अंगवळणी पडू द्यावी. तिनं बिळाच्या तोंडाशी दोन-चार धागे ओढलेत, म्हणजे रुळते आहे.

आज ठरवलं ते काय द्यायचं नाही ते. उंदराचं पिल्लू बंद. रानात एखादी मोठी टॅरंट्युला कधीतरी पाल किंवा छोटा उंदीर धरतही असेल, पण तिला जगायला त्याची गरज नाही; किडे पुरेसे आहेत. मांसाचा तो गोळा खायला तिला एक-दीड दिवस लागतो, या हवेत तो त्याआधीच कुजायला लागतो, मग पेटीत बारीक किडे आणि माश्या. कच्च्या चिकनचा तुकडाही त्याच कारणानं नको. घरातलं शिजवलेलं काही तर नाहीच. लेकानं विचारलं, ‘अंडं?’ तेही नाही.

2 मार्च

पहिला रातकिडा.

माप असं धरलं: भक्ष्याचं अंग तिच्या पोटाच्या लांबीपेक्षा मोठं नको. दुकानात त्यांच्या वयाप्रमाणे आकार असतात. मधला घेतला, साधारण दोन सेंटीमीटरचा. पिल्लू कोळी असता तर याहून खूप लहान आणि तोही मारून द्यावा लागला असता, कारण पिल्लाला रातकिडाच चावू शकतो.

संध्याकाळी सातला, दिवे मंद करून, चिमट्यानं बिळापासून वीतभर अंतरावर सोडला. रातकिडा फिरला, थांबला, मिशा हलवल्या. बयो जागची हलली नाही. तिला आठ डोळे असले तरी त्यांना उजेड-सावलीपलीकडे फारसं दिसत नाही. ती पायांवरच्या केसांनी ऐकते म्हणायला हरकत नाही. रातकिड्यानं मातीवर पाऊल टाकलं की तिचा पुढचा उजवा पाय केसभर उचलला जायचा आणि परत टेकायचा. तीन वेळा असं झालं. चौथ्या वेळी मला फक्त माती उडालेली दिसली. पाहते तो रातकिडा तिच्याखाली, दोन्ही सुळे वरून खाली घुसलेले. घरातल्या कोळ्यांचे सुळे चिमट्यासारखे आडवे मिटतात. टॅरंट्युलाचे कुदळीसारखे वरून खाली येतात. मग तिनं त्याला तोंडात धरूनच गोल गोल फिरत जमिनीवर धाग्यांची चटई विणली आणि तिच्यावर बसली. लेक अगदी हळू म्हणाला, ‘आई, तिनं पाट मांडला.’

सकाळी चटईवर वाटाण्याएवढा काळा गोळा. टॅरंट्युला चावून गिळत नाही. पाचक रस भक्ष्यावर ओतते, आतलं सगळं पातळ झालं की शोषून घेते, आणि उरतो तो चोथा. ऊस खाऊन थुंकतो तसाच. चिमट्यानं उचलून टाकला. चोथा दुसऱ्या दिवशी काढलाच पाहिजे, नाहीतर बुरशी धरते.

10 मार्च

परवा रातकिडे आणताना दुकानदारानं कॅल्शियमची पूड हातात ठेवली. ती सरड्यांसाठी असते, त्यांना हाडं असतात. बयोचं कवच कायटिन आणि प्रथिनांचं. पूड परत केली.

पण एक गोष्ट पक्की डोक्यात बसली. बयो रातकिडा पिते, म्हणजे रातकिड्याच्या पोटात जे आहे तेही पिते. दुकानातून आणलेला रातकिडा बहुधा दोन-तीन दिवसांचा उपाशी, पुठ्ठा चावून राहिलेला असतो. तेव्हा आधी पंगत त्यांची. झाकणाला जाळी लावलेला प्लॅस्टिकचा डबा, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे. खायला ओट्स, गाजराची चकती, लाल भोपळ्याचा तुकडा. पाण्याची वाटी ठेवायची नाही, बुडून मरतात. गाजरातलं पाणी पुरतं. भाजी सोलून आणि चांगली धुऊन, कारण सालीवर फवारा राहिलेला असतो. हे दोन दिवस तरी खाऊ घालायचं आणि मगच त्यांतला एक बयोकडे जाणार.

रातकिड्यांचेही आजार असतात. 2010 च्या सुमारास एका विषाणूनं अमेरिकेतली रातकिड्यांची मोठमोठी शेतं बसवली होती. तो कोळ्याला होत नाही, पण डब्यात एकदम मर दिसली तर त्या डब्यातलं काही द्यायचं नाही, हे लेकाकडून वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.

29 मार्च

बदल म्हणून एक सुपरवर्म दिला, तोही जपून. नजर दुसरीकडे गेली आणि तो मातीत शिरला. हे किडे जमिनीत घुसले की आठवडे तिथेच राहतात, आणि त्यांचे जबडे मजबूत असतात. बयो कात टाकत मऊ पडली असताना असा किडा वर आला तर तिला कुरतडू शकतो. रात्री अकरापर्यंत चमच्यानं माती उपसत बसले. सापडला, बिळाच्या मागच्या भिंतीत. बयो तेवढा वेळ कोपऱ्यात पाय आवळून बसली होती. तिला एवढा त्रास मी दिला याचं मनापासून वाईट वाटलं.

यापुढे सुपरवर्म किंवा मीलवर्म (तसलीच लहान अळी) द्यायचाच तर डोकं चिमट्यानं चेपून, आणि बशीत. शिवाय त्यांच्यात चरबी जास्त. हिला सध्या तेच नको आहे.

13 एप्रिल

डुबिया झुरळं आणली, सहा. यावर घरात दोन दिवस बोलणं चाललं होतं. आईला वाईला फोन केला तर ती म्हणाली, ‘अगं, आपण झुरळं घालवायला पावडर टाकतो आणि तू विकत आणतेस?’ तिला सविस्तर सांगितलं. ही दक्षिण अमेरिकेतली रानझुरळं. गुळगुळीत काचेवर चढत नाहीत, आवाज करत नाहीत, वास येत नाही, आणि आपल्या ओट्याखालच्या झुरळासारखी घरभर पसरत नाहीत. रातकिड्यांपेक्षा जास्त दिवस जगतात, अंगात मांस जास्त. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ओट्याखालचंच एखादं दिलं तर?’ ते मुळीच नाही. घरातलं झुरळ कुठल्या गटारातून, कुठल्या पावडरीवरून चालत आलं ते कोण सांगणार? भक्ष्याचा मागचा आठवडा आपल्याला ठाऊक असला पाहिजे. एवढी एक गोष्ट पाळली तरी बाकीचं बरंचसं आपोआप पाळलं जातं.

डुबियाची खोड अशी की धोका वाटला की मेल्याचं सोंग घेतं, आणि ते हललं नाही की बयोला कळत नाही. चिमट्यात धरून तिच्या पुढच्या पायाजवळ नेलं, हलवलं, तेव्हा घेतलं.

पोट उतरतं आहे. आता पुढच्या कवचाच्या पावणेदोनपट वाटतं. आठ-दहा दिवसांनी एक भक्ष्य, बस्स.

9 मे

आजची नोंद नीट लिहिते.

टूसॉनमध्ये विंचू घरात येतात, म्हणून सोसायट्या ठराविक दिवसांनी फवारणी करून घेतात. आमच्या इमारतीची नोटीस दाराला लागली होती: ‘फक्त बाहेरच्या भिंती.’ नर रातकिडे रात्रभर किरकिरतात म्हणून त्यांचा डबा मी बाल्कनीत ठेवत होते. बाल्कनीची भिंत ही बाहेरचीच भिंत, हे माझ्या डोक्यात आलं नाही आणि फवारणाऱ्यानंही आत डोकावून पाहिलं नाही. पंपाचा पट्टा भिंतीच्या पायथ्यानं, डब्याच्या अंगावरून गेला.

साडेपाचला घरी आले. डबा शांत होता. झाकण उघडलं. साठ-सत्तर रातकिडे, बहुतेक उताणे. मेलेले नव्हते, हेच पाहवत नव्हतं. पाय थरथरत होते, एकेकाची मिशी एकाच बाजूला गोल गोल फिरत होती. जे उभे होते ते चालताना कलंडत होते. अशा फवाऱ्यांतली बरीचशी औषधं नसांवर चालतात. नसेला एकदा इशारा मिळाला की तो बंदच होत नाही. रातकिड्याची नस आणि बयोची नस या बाबतीत फार वेगळी नाही.

मग हात थंड पडले, कारण बयोला याच डब्यातला रातकिडा दिला होता. कधी? वही उघडली. लेकाचं अक्षर: ‘8 मे, संध्याकाळी 7:10, रातकिडा 1, घेतला.’ काल. फवारणी आज सकाळी. त्या एका ओळीनं जीवात जीव आला.

लेक जवळ उभा होता. त्यानं विचारलं, ‘हे आज मरायला टेकले नसते आणि आपण उद्या दिले असते तर?’ मी त्याला खरं ते सांगितलं. औषध थोडं कमी असतं, रातकिडे धडधाकट दिसत राहिले असते, तर मी न कळता दिलं असतं.

10 मे

डबा, ट्रे, ओट्स, सगळं पिशवीत बांधून टाकलं. डबा धुऊन परत वापरायचा मोह केला नाही. बयोच्या पेटीजवळची खिडकी बंद, फटीला ओला कपडा. तिची चाल पाहिली: पाय एकामागून एक नीट पडतात, झटके नाहीत. विष भिनलेला कोळी तोल गेल्यासारखा झटके देत चालतो, पाय एकमेकांत अडकतात. पंधरा दिवस रोज पाहणार.

सोसायटीच्या कार्यालयाला लिहिलं: फवारणीच्या दोन दिवस आधी आम्हाला फोन करा, आमची बाल्कनी वगळा. होकार आला.

25 मे

बयो ठीक आहे. नव्या रातकिड्यांसाठी नियम: घरी आणल्यावर चार दिवस वेगळ्या डब्यात, आमच्या गाजर-ओट्सवर. पाचव्या दिवशी सगळे टणटणीत असतील तरच. कोविडच्या वेळचा विलगीकरण हा शब्द लेकाला पाठ आहे. त्यानं डब्यावर तोच चिकटवला.

22 जून

बाहेर बेचाळीस अंश. काल संध्याकाळी दिलेला रातकिडा तिनं पायानं दूर ढकलला. ‘भूक लागेल तेव्हा घेईल’ म्हणून मी तो रात्रभर आत राहू दिला, हे चुकलं. सकाळी पाहिलं तर रातकिडा तिच्या मागच्या पायाला चिकटून पायाचा सांधा चाचपत होता, आणि ती हलत नव्हती. लगेच काढला. पायाला काही झालेलं नाही, भिंगातून पाहिलं.

आता लक्षणं नीट बघितली. पोटाच्या मागच्या बाजूला केस झडलेला जो तुकडा आहे तो आधी पिवळसर होता, आता काळपट झालाय. खालून नवीन केस भरून आलेत. बिळाच्या तोंडाशी दाट पांढरी चटई. कात टाकायची तयारी. काही द्यायचं नाही. फक्त पाणी, रोज ताजं.

न घेतलेलं भक्ष्य तासाभरात बाहेर. तासाभरात म्हणजे तासाभरात.

13 जुलै

पाऊस! इथेही याला मान्सूनच म्हणतात. 15 जून ते 30 सप्टेंबर असा त्याचा हंगाम कागदावर ठरलेला. संध्याकाळी क्रिओसोटच्या झुडपांचा ओला वास घरात भरला. आई गेल्या आठवड्यात आली. ती अंगणात उभी राहून म्हणाली, ‘हा वास आपल्याकडचा नाही, पण पाऊस तोच.’

पावसापाठोपाठ किडे. दिव्याखाली पतंगांचा खच, गवतात हिरवे नाकतोडे. आईनं आजीच्या मायेनं एक नाकतोडा ओंजळीत धरून आणला, ‘उपाशी आहे ना ती तीन आठवडे.’ तिला दोन गोष्टी समजावून सांगितल्या. एक, बयो उपाशी नाही, ती स्वतःहून थांबली आहे. कात टाकताना तिच्या जठराचं आतलं अस्तरसुद्धा बाहेर पडतं. खायची तिला सोयच नसते. दुसरं, या गवतावर शेजाऱ्यांनी काय मारलंय ते माहीत नाही. आणि रानातल्या नाकतोड्याच्या पोटात जंत, परजीवी माश्यांच्या अळ्या असं काहीबाही असू शकतं.

नाकतोडा सोडून दिला. मग लक्षात आलं, आईच्या हाताला डास न चावण्याचं मलम लावलेलं होतं. पेटीला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायचे, मलम, अत्तर, फिनेल काही नको, हे वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहिलं. आईनंच सुचवलं, कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही दुसऱ्या खोलीत न्याव्यात. बरोबर आहे.

27 जुलै

पहाटे पाचला लेकानं उठवलं. रडवेला. ‘बयो उलटी पडलीय.’

उताणी होती, चटईच्या मधोमध, आठही पाय पसरलेले. मेलेला कोळी पाय पोटाखाली मुडपून बसतो. पाठीवर पडून पाय पसरलेला कोळी बहुधा कात टाकत असतो. त्याला कडेवर घेऊन तेच सांगितलं. दिवा बंद, पंखा बंद, कुणी टेबलाला धक्का द्यायचा नाही.

सहाच्या सुमाराला पुढचं कवच कडेनं सुटलं, डब्याचं झाकण निघावं तसं. मग पाय. अंगरख्याच्या बाहीतून हात काढावा तसे एकेक नाही, सगळे बरोबरच, कणाकणानं, मध्ये लांब थांबे घेत. आई शेजारी स्टुलावर बसून होती. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसतात तशी, हातात जपमाळ. साडेदहाला बयो कातेतून मोकळी झाली आणि कुशीवर पडून राहिली. रंग नव्या पितळेसारखा. सुळे पांढरे, कोवळ्या भातासारखे. अशा सुळ्यांनी काही भोसकायला गेली तर ते वाकतील.

टाकलेली कात साबणाच्या पाण्यात मऊ करून उलगडली. पोटाच्या भागात, फुप्फुसांच्या पांढऱ्या खुणांच्या मधे, वीर्यकोशाची घडी दिसली. मादीच, आता शंका नाही. कातेला सुळे आहेत, पायांवरचे केस आहेत, फुप्फुसांची पानंसुद्धा आहेत.

पोट आता लहान, सुरकुतलेलं. खायला काही नाही. पाण्याची वाटी काठोकाठ.

5 ऑगस्ट

आज श्रावणातला पहिला सोमवार. आईला महादेवाला वाहायला धोत्रा हवा होता आणि तो तिला घरामागच्या कोरड्या ओढ्यात सापडला. इथला धोत्रा, दतुरा राइटाई, आपल्याकडच्यापेक्षा मोठ्या पांढऱ्या फुलांचा. पण फळाला काटे तेच, वास तोच. आई झुडपापाशी वाकली आणि तिनं मला हाक मारली. पानांवर अळ्या होत्या. बोटाएवढ्या जाड, हिरव्यागार, अंगावर तिरके पांढरे पट्टे आणि शेपटीला तांबूस शिंग. हॉर्नवर्म. हीच अळी तंबाखूवर आणि टोमॅटोवरही येते.

मोह झाला, हे प्रामाणिकपणे लिहिते. बयो रोडावलेली, कात टाकून नऊ दिवस झालेले, सुळे लालसर झालेत, आठवडाभरात काळे होतील. कात टाकलेल्या कोळ्याला पाण्यानं भरलेलं भक्ष्य चांगलं, आणि ही अळी म्हणजे जवळजवळ पाण्याची पिशवीच. फुकट, ताजी, आठ-दहा एकाच झुडपावर. ओढ्यात फवारणीही नसते.

आईनं माझ्याकडे पाहिलं. ‘अगं, पण ही जेवतेय धोत्रा.’

तेवढंच म्हणाली. अळीला त्या पानांचं विष बाधत नाही, तिची तशी घडणच आहे. पण चघळलेला धोत्रा तिच्या पोटात भरलेला आहे, आणि बयो काय खाते ते मी मार्चमध्येच या वहीत लिहून ठेवलंय. पोटातलं सगळं ती पिते. मी अळ्यांना हात न लावता परत आले. आईनं दोन फुलं घेतली.

संध्याकाळी दुकानातून पेल्यात वाढवलेले हॉर्नवर्म आणले. जात तीच. पण हे तयार पिठावर वाढलेले, पान कधी पाहिलेलंच नाही, म्हणून रंग हिरवा नाही, निळसर. हिरवी पानं पोटात गेली तरच त्यांतला पिवळा अंश अंगात येतो आणि निळ्यात मिसळून अळी हिरवी दिसते. लेकानं दोन्ही रंग वहीत खडूनं काढले. झुडपावरचा हिरवा, पेल्यातला निळा. आता कुणी विचारलं फरक काय, तर हे पान दाखवता येईल.

14 ऑगस्ट

सुळे काळे कुळकुळीत. अठरा दिवस झाले. तीन सेंटीमीटरचा निळा हॉर्नवर्म, बशीत. पेल्यात हे झपाट्यानं वाढतात. चार दिवस थांबले असते तर तिच्या पोटापेक्षा मोठा झाला असता.

तिनं आधी एका पायानं हात लावल्यासारखा लावला. मग झडप. नव्या सुळ्यांचा पहिला घास. आई हळूच म्हणाली, ‘पारणं फेडलं.’

31 ऑगस्ट

गवतात काळा चकचकीत, पिवळ्या रेघांचा टोळ, पाय ओढत चालणारा, पळायची घाई नाही. लेकाला वाटलं पकडायला सोपा. आई म्हणाली, आपल्याकडे रुईच्या झाडावर असाच रंगीबेरंगी नाकतोडा बसतो, त्याला कुणी शिवत नाही. अगदी तसंच. हा हॉर्स लबर, अंगात विषारी रस बाळगणारा. भडक रंगाचा किडा निवांत चालत असेल तर तो निवांत का आहे हे आधी विचारावं.

7 सप्टेंबर

गणपती. उकडीचे मोदक झाले, आरती झाली, आणि दार उघडलं तर पायरीवर एक नर टॅरंट्युला. काळा, लांब पायांचा, सडपातळ. पावसाळ्यात हे नर माद्यांच्या शोधात निघतात. आयुष्याची सात-आठ वर्षं बिळात, आणि शेवटचा हंगाम असा पायी. लेक रातकिडा आणायला धावला. मी थांबवलं. या दिवसांत त्याचं लक्ष खाण्यात नसतं, आणि तो आपला नाही. पाणी शिंपडलेल्या फरशीवर तो थोडा थांबला, मग कुंड्यांमागून गेला.

परवाच याच कुंड्यांवर निळी-काळी, नारिंगी पंखांची मोठी गांधीलमाशी पाहिली होती, टॅरंट्युला हॉक. ती टॅरंट्युलाला डंख मारून लुळा करते, बिळात ओढते, त्याच्यावर अंडं घालते. अळी त्याला जिवंतच खाते. बयोच्या पेटीची जाळी पुन्हा तपासली. एक कोपरा सैल होता, घट्ट केला.

20 ऑक्टोबर

आई परत गेली. जाताना वहीत तिच्या अक्षरात एक ओळ: ‘बयोने आज झुरळ खाल्ले. चोथा मी काढला.’

वेळापत्रक आता बसलं आहे. दहा-बारा दिवसांनी एक मध्यम डुबिया किंवा रातकिडा. महिन्यातून एकदा, मिळाला तर, लहान निळा हॉर्नवर्म. पोट पुढच्या कवचाच्या सव्वापट. मागच्या मालकाला फोटो पाठवला. तो म्हणाला, ‘मला वाटायचं ती मागते म्हणून देतोय.’ टॅरंट्युला समोर आलेलं बहुधा घेतेच. रानात पुढचं कधी मिळेल याचा भरवसा नसतो. त्यानं प्रेमानंच घातलं होतं, हे मला ठाऊक आहे.

24 नोव्हेंबर

रात्री पाच अंश. गेले दोन रातकिडे नाकारले, दोन्ही वेळा वीस मिनिटांत बाहेर काढले. केस झडलेला तुकडा फिकटच आहे, म्हणजे ही कातेची तयारी नाही, हिवाळ्याची आहे.

आज सकाळी बिळाचं तोंड बंद. आतून माती आणि धागे लावून लिंपलंय, मधे तीळभर भोक ठेवलंय. लेकानं वाटी धुतली, भरली, बिळापासून लांबच्या कोपऱ्यात ठेवली, आणि रातकिड्यांच्या डब्याला नवीन गाजर घातलं.